वाचकांचे प्रश्न : कंपनीची वाटणी आणि सामाईक विहीर

मोठ्या तंत्रज्ञान कंपनीने आपले निरनिराळे व्यवसाय एकाच छपराखाली ठेवावेत की त्यांच्या स्वतंत्र कंपन्या कराव्यात, याबद्दल गेल्या दोन महिन्यांत खान्देशातून बरीच पत्रे आली. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पाठवणाऱ्यांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वडील अमळनेरला शिक्षक होते. गावात ज्याला सगळे ‘तुपाचा कारखाना’ म्हणत, त्या कंपनीचे थोडे समभाग त्यांनी घेतले आणि कधीही विकले नाहीत. २०१३ मध्ये कंपनीकडून पर्याय निवडण्याचे कागद आले, तेव्हा त्यांनी साबणाच्या नव्या कंपनीऐवजी विप्रोचेच समभाग मागून घेतले. साबण आणि संगणक एकत्र होते तेच बरे होते, असे मला आजही वाटते. कंपनीने केले ते बरोबर होते का?
— एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर

उत्तर : कंपनीने केले ते बरोबर होते असे माझे मत आहे, परंतु ते वीस वर्षे आधी केले असते तर चूक ठरली असती. आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर या वाक्याच्या दुसऱ्या भागात आहे, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, म्हणजे आजची विप्रो, ही कंपनी महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी डिसेंबर १९४५ मध्ये अमळनेर येथे सुरू केली. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ हा कपडे धुण्याचा साबण ही तिची जुनी ओळख आपल्या पिढीला सांगण्याची गरज नाही. १९६६ मध्ये वडिलांच्या निधनामुळे अझीम प्रेमजी वयाच्या एकविसाव्या वर्षी अमेरिकेतील शिक्षण सोडून परत आले, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने भारतातून काढता पाय घेतल्यावर या कंपनीने संगणकाच्या धंद्यात पाऊल टाकले. त्या काळात एखाद्या तेल-साबणाच्या कंपनीला संगणक तयार करण्यासाठी बाहेरून भांडवल मिळणे जवळजवळ अशक्य होते. बँका तारण मागत आणि धोका पत्करणारे भांडवलदार आपल्याकडे नव्हतेच. तेव्हा वनस्पती तूप आणि साबण यांतून रोज येणारा रोख पैसा हाच नव्या धंद्याचा आधार होता. त्या दिवसांत कोणी ‘दोन्ही वेगळे करा’ असे म्हटले असते, तर संगणकाचे रोप पाण्यावाचून वाळून गेले असते.

२०१२ पर्यंत हे चित्र पूर्ण उलटले होते. कंपनीच्या उत्पन्नाचा आणि नफ्याचा फार मोठा वाटा सॉफ्टवेअर सेवांतून येत होता, तिचे ग्राहक अमेरिका आणि युरोपातील बँका व कारखाने होते, आणि तिच्या संचालकांसमोर एकीकडे डॉलरचा दर तर दुसरीकडे पामतेलाचा भाव असे दोन अगदी निराळे विषय एकाच बैठकीत येत होते. साबणाच्या धंद्याला वाढायचे तर दुसऱ्यांचे तयार ब्रँड विकत घ्यावे लागतात. २००७ मध्ये सिंगापूरची उंझा ही कंपनी अशाच हेतूने घेतली गेली होती. सॉफ्टवेअरसाठी समभाग घेणाऱ्याला मात्र आपला पैसा आग्नेय आशियातील साबणात का जावा, हे समजत नाही आणि पटतही नाही. म्हणून ३१ मार्च २०१३ पासून साबण, दिवे, हायड्रॉलिक सिलिंडर इत्यादी व्यवसाय विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीकडे गेले. मूळ कंपनीच्या दर पाच समभागांमागे नव्या कंपनीचा एक समभाग, किंवा त्याऐवजी अग्रहक्क समभाग (ठराविक दराने लाभांश देणारे), किंवा अदलाबदलीने विप्रोचेच जादा समभाग, असे पर्याय भागधारकांना दिले गेले. आपल्या वडिलांनी तिसरा पर्याय घेतला.

याला आणखी एक कारण होते, जे अशा वेळी मोठ्या अक्षरांत छापले जात नाही. शेअरबाजारात नोंदलेल्या खासगी कंपनीत किमान २५ टक्के हिस्सा सामान्य जनतेकडे असावा, या नियमाची मुदत जून २०१३ मध्ये संपत होती, आणि प्रवर्तकांचा, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांचा, हिस्सा त्या वेळी ७५ टक्क्यांपेक्षा अधिक होता. अदलाबदलीच्या पर्यायामुळे प्रवर्तकांकडचे काही समभाग आपल्या वडिलांसारख्यांकडे आले आणि तो हिस्सा खाली आणण्यास मदत झाली. त्यात गैर काही नाही. मात्र कोणत्याही वाटणीची जाहीर कारणे वाचून झाल्यावर न छापलेले कारणही शोधावे, एवढेच सांगतो.

आपल्या मनातील खंत मी समजू शकतो. विप्रो एंटरप्रायझेस शेअरबाजारात नोंदलेली नाही, त्यामुळे आज ज्यांच्याकडे केवळ विप्रोचे समभाग आहेत, त्यांचा संतूर साबणात किंवा अमळनेरच्या कारखान्यात हिस्सा उरलेला नाही. गावाने ज्या कारखान्याकडे पाहून समभाग घेतले, तो कारखानाच त्या समभागातून निघून गेला. धंद्याच्या दृष्टीने हे योग्य आहे, पण अमळनेरकराला चुटपुट लागावी असेही आहे.

प्रश्न : आमची बारा एकर जमीन तीन भावांत वाटली गेली. एकत्र होतो तेव्हा ट्रॅक्टर परवडत होता, केळीच्या बागेला मजूर एकदम मिळत होते आणि व्यापारीही बांधावर येऊन भाव करत होता. वाटणीनंतर प्रत्येकाचे चार एकर आणि विहीर सामाईक, अशी स्थिती आहे. मोटार कोणाच्या पाळीला जळाली यावरूनच वर्षातून दोनदा वाद होतो. मग कंपनीची वाटणी झाली की तिची किंमत वाढते, हे कसे?
— एक शेतकरी वाचक, चोपडा तालुका

उत्तर : आपल्या पत्राने या विषयाची नस अचूक पकडली आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आपल्या घरी जे झाले ते तुकडे पडणे होय. बारा एकर केळीचे तीन तुकडे केले तरी तिन्ही ठिकाणी केळीच. काम तेच, गिऱ्हाईक तेच, फक्त आकार लहान. अशा वाटणीत नुकसानच असते, आणि म्हणूनच आपल्या राज्यात १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. कंपनीचे शहाणपणाचे विभाजन निराळे असते. घरात एका भावाची बाग आहे, दुसऱ्याचे गावात खताचे दुकान आहे आणि दोघांचा गल्ला एकच आहे, असे समजा. लावणीच्या हंगामात बागेला पैसा हवा असतो, नेमका त्याच वेळी दुकानातही माल भरायचा असतो; आणि बाग तोट्यात गेली की नाही, हे दुकानाच्या नफ्यात झाकले जाते. येथे गल्ले वेगळे केले तर दोघांनाही आपापला हिशेब दिसू लागतो. तुकडे पाडणे आणि गल्ले वेगळे करणे यांतला फरक ज्या संचालकांना कळत नाही, त्यांची वाटणी आपल्या विहिरीच्या वळणावर जाते.

ह्युलेट-पॅकार्ड, म्हणजे आपण ज्याला एचपी म्हणतो, त्या कंपनीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. १९३९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका गॅरेजमध्ये सुरू झालेली ही कंपनी मुळात मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवत असे. १९९९ मध्ये तिने हाच मूळ धंदा अ‍ॅजिलेंट या नावाने वेगळा काढला आणि संगणक व प्रिंटर स्वतःकडे ठेवले. थोरल्याने वाडा सोडून नवे घर बांधावे आणि वाड्याचे नाव धाकट्याकडे राहावे, तसा तो प्रकार होता. २००२ मध्ये तिने कॉम्पॅक ही मोठी संगणक कंपनी आपल्यात सामावून घेतली. पुढे १८ ऑगस्ट २०११ रोजी तेव्हाचे प्रमुख लिओ अ‍ॅपोथेकर यांनी वैयक्तिक संगणकांचा विभाग वेगळा काढण्याचा विचार चालू असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी समभाग सुमारे २० टक्के कोसळला आणि सप्टेंबरमध्ये त्यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या मेग व्हिटमन यांनी ऑक्टोबरमध्ये सगळे तपासून संगणक विभाग कंपनीतच ठेवण्याचा निर्णय दिला. आणि त्याच व्हिटमन यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीचे दोन भाग करण्याची घोषणा केली! १ नोव्हेंबर २०१५ पासून संगणक व प्रिंटर एचपी इन्कॉर्पोरेटेडकडे, तर सर्व्हर (मोठ्या कार्यालयांचे सामाईक संगणक), साठवण यंत्रणा आणि सेवा ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइजकडे गेल्या.

तीन वर्षांत असे काय बदलले? काही लोक याला घूमजाव म्हणतात. मला ते तसे वाटत नाही. २०११ मध्ये ‘विभाग वेगळा करू, कदाचित विकू, अजून ठरलेले नाही’ असे अर्धवट बोलले गेले, आणि अर्धवट बोलण्याइतके कोणत्याही विक्रेत्याला घाबरवणारे दुसरे काही नसते. ज्या कंपनीचा संगणक विभाग पुढच्या वर्षी कोणाच्या हाती असेल हे ठाऊक नाही, तिच्याकडे मोठी मागणी कोण नोंदवणार? शिवाय संगणक आणि सर्व्हर यांना लागणाऱ्या चिप्स व डिस्क कंपनी एकत्र खरेदी करत असे, त्या घाऊक खरेदीचा फायदा सर्व्हरच्या धंद्यालाही मिळत होता. ही झाली त्यांची सामाईक विहीर. २०१४ पर्यंत कंपनीची देणी आटोक्यात आली होती, दोन्ही भागांची वार्षिक विक्री प्रत्येकी ५० अब्ज डॉलरहून अधिक असल्याने वेगवेगळी खरेदी करूनही दोघांना चांगला भाव मिळू शकत होता, आणि या वेळी ‘विचार चालू आहे’ असे न म्हणता भागधारकाला एकास एक समभाग, अमुक तारीख, अमुक प्रमुख, असे सगळे ठरवूनच सांगितले गेले. जाहीर केल्यापासून प्रत्यक्ष वेगळे होईपर्यंतचे वर्षभर विहिरीवर दुसरी मोटार बसवण्यातच गेले. म्हणजे दोन हिशेब यंत्रणा, दोन कायदेशीर नोंदण्या, जगभरातील प्रत्येक करारावर दोन स्वतंत्र सह्या.

त्याची किंमतही चुकवावी लागली. वेगळे होण्याच्या तोंडावर, सप्टेंबर २०१५ मध्ये, २५ ते ३० हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा झाली. आणि ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइजचे विभाजन तेथे थांबलेही नाही. २०१७ मध्ये तिच्या सेवा विभागातून डीएक्ससी ही निराळी कंपनी झाली आणि सॉफ्टवेअरचा बराच भाग ब्रिटनच्या मायक्रो फोकसकडे गेला. एकदा सुरी हातात घेतली की ती खाली ठेवणे अवघड जाते.

याच्या उलट उदाहरण आयबीएमचे आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रचंड तोट्यात गेलेली ही कंपनी लहान लहान स्वायत्त कंपन्यांत विभागण्याची तयारी झाली होती. एप्रिल १९९३ मध्ये बाहेरून आलेले नवे प्रमुख लुई गर्स्टनर यांनी ती रद्द केली. मोठ्या बँका आणि सरकारी कार्यालये यंत्र एकाचे, प्रणाली दुसऱ्याची आणि जोडणी तिसऱ्याची, या कटकटीला कंटाळली आहेत आणि सगळे जुळवून देणारा एकच जबाबदार माणूस त्यांना हवा आहे, असे त्यांना दिसले. म्हणजे तेथे ग्राहकच एक होता, आणि ग्राहक एक असताना वाटणी केली असती तर ती आपल्या बारा एकरांसारखी झाली असती. पुढे २०२१ मध्ये त्याच आयबीएमने संगणक यंत्रणा सांभाळण्याचा व्यवसाय किंड्रिल या नावाने वेगळा काढला, कारण तोपर्यंत तो संथ वाढीचा, माणसांवर चालणारा धंदा झाला होता आणि उरलेल्या कंपनीची ओढ दुसरीकडे होती.

आपल्या विहिरीचे म्हणाल तर पाळ्या, वीजबिल आणि मोटारदुरुस्तीचा हिस्सा वाटणीच्या वेळीच कागदावर लिहून घ्यायला हवा होता. कंपन्या तसे करार करतात आणि तरीही भांडतात, एवढाच काय तो आपल्याला दिलासा.

प्रश्न : जळगावात माझे संगणक व प्रिंटरविक्रीचे दुकान आहे. मी ज्या कंपनीचा माल ठेवतो तिचे विभाग वेगळे झाल्यापासून मला दोन प्रतिनिधी, दोन खाती, दोन प्रकारची उधारी सांभाळावी लागते. यात ग्राहकाचा फायदा कोणता?
— एक दुकानदार, जळगाव

उत्तर : पहिली एक-दोन वर्षे तरी कोणताही नाही. विभाजनाचा खर्च विक्रीच्या साखळीत सर्वांत खाली असलेल्या माणसाच्या वेळेतून वसूल होतो, आणि तो कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

दीर्घ मुदतीत काय होते हे त्या विभागाच्या कमाईच्या पद्धतीवर अवलंबून आहे. प्रिंटरचा धंदा कसा चालतो हे आपणच मला शिकवाल. यंत्र कमी नफ्यात विकायचे आणि पुढची पाच वर्षे शाई व टोनरवर कमवायचे. एकत्र कंपनीत ही शाईची कमाई दुसऱ्या विभागांच्या महागड्या प्रयोगांकडे वळवता येते. वेगळी कंपनी झाल्यावर ती प्रिंटरच्याच संशोधनात तरी जाते किंवा लाभांश म्हणून भागधारकाकडे जाते. शाई स्वस्त होईल अशी आशा मात्र गिऱ्हाईकाला देऊ नये. उधारीच्या बाबतीत एक सुचवतो : दोन्ही कंपन्यांकडून जुन्या खात्यातील शिल्लक रकमेचे लेखी पत्र स्वतंत्रपणे घ्यावे. परत केलेल्या मालाची जमा नेमकी कोणत्या कंपनीच्या नावावर पडली, यावरून पुढे गोंधळ होतात.

प्रश्न : गूगल, अ‍ॅमेझॉन यांसारख्या कंपन्या स्वतःहून विभागल्या जाणार नाहीत. सरकारनेच त्यांचे भाग करावेत का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, धुळे

उत्तर : मालकाने स्वतः केलेली वाटणी आणि न्यायालयाने करायला लावलेली वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालक विचारतो की धंदा कसा चांगला चालेल. न्यायालय विचारते की दुसऱ्याला धंदा करू दिला जातो की नाही. पहिल्याच्या कारणांनी दुसरे मागता येत नाही.

न्यायालयीन वाटणीचे गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीचे. सरकारने भरलेल्या खटल्यातील तडजोडीनुसार १ जानेवारी १९८४ पासून तिची स्थानिक सेवा सात प्रादेशिक कंपन्यांकडे गेली. लांब पल्ल्याच्या दूरध्वनीत स्पर्धा आली, दर उतरले. पण त्या सातांतीलच एका कंपनीने २००५ मध्ये मूळ एटी अँड टीलाच विकत घेतले आणि तिचे नाव स्वतःला लावून घेतले. मायक्रोसॉफ्टचे दोन भाग करण्याचा आदेश जून २००० मध्ये झाला होता. तो जून २००१ मध्ये अपिलात रद्द झाला. गूगलच्या शोधसेवेने बेकायदा मक्तेदारी राखली असा निकाल न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये दिला, परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये क्रोम हा इंटरनेट पाहण्याचा गूगलचा ब्राउझर विकायला लावण्याची सरकारची मागणी त्यांनी मान्य केली नाही. एकाधिकाराचे करार बंद करणे आणि काही माहिती स्पर्धकांना देणे, एवढ्यावर त्यांनी भागवले.

मला हा निकाल समजण्यासारखा वाटतो. क्रोम हा स्वतः पैसे कमावणारा धंदा नसून शोधसेवेच्या दुकानाचा दरवाजा आहे. दरवाजा दुसऱ्याला विकला तर त्याच्या बिजागऱ्यांना तेल कोण घालणार, म्हणजे रोजची सुरक्षा दुरुस्ती कोणाच्या पैशाने होणार, याचे उत्तर सरकारी बाजूकडून मला पटेल असे आले नाही. खरा अडथळा वेगळ्या ठिकाणी होता : आपलीच शोधसेवा आधीपासून लावलेली असावी यासाठी गूगलने एकट्या अ‍ॅपलला २०२२ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलर दिले, हे त्याच खटल्यात उघड झाले.

अ‍ॅमेझॉनबाबत माझे मत उलट आहे. २०२४ मध्ये तिच्या ६३८ अब्ज डॉलरच्या विक्रीत क्लाउड सेवेचा (इंटरनेटवरून संगणक व साठवण भाड्याने देण्याच्या एडब्ल्यूएस या धंद्याचा) वाटा केवळ १७ टक्के होता, पण परिचालन नफ्यात तो सुमारे ५८ टक्के होता. क्लाउडचा ग्राहक वेगळा, कारभार वेगळा, भांडवलाची भूकही वेगळी. शिवाय किरकोळ विक्रीत अ‍ॅमेझॉनशी झगडणाऱ्या दुकानदाराने आपली सगळी माहिती तिच्याच संगणकांवर ठेवावी, हे अवघडलेपण आहेच. वेगळे होण्यासाठी लागणारी सर्व लक्षणे येथे आहेत. तरीही मालक ते करणार नाहीत, कारण क्लाउडचा पैसा आज कंपनीच्या इतर उद्योगांना पोसतो. अमळनेरच्या तुपाने जसे संगणकाला पोसले, तसेच. अमळनेरचे रोप लहान होते, हे मात्र तसे नाही. म्हणून त्यांनी स्वतःहून वेगळे व्हावे असे माझे मत आहे. ते होत नाहीत एवढ्यासाठी सरकारने सुरी उचलावी, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यासाठी स्पर्धकाची वाट अडवल्याचा पुरावा लागेल.

प्रश्न : विभाजनाच्या दिवशी समभागाचा भाव एकदम पडतो. ते नुकसान समजावे का? आणि पुढे विकल्यावर कर कसा लागतो?
— एक वाचक, शहादा

उत्तर : नुकसान समजू नये. रिलायन्सपासून जिओ फायनान्शियल वेगळी झाली तेव्हाचे आकडे पाहा. १९ जुलै २०२३ रोजी रिलायन्सचा समभाग राष्ट्रीय शेअरबाजारात २,८४१.८५ रुपयांवर बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विशेष सत्रात त्याचा भाव २,५८० रुपये ठरला. मधले २६१.८५ रुपये हीच जिओ फायनान्शियलच्या समभागाची किंमत मानली गेली, आणि तो समभाग एकास एक या प्रमाणात त्याच भागधारकाला मिळाला. त्याची बाजारात खरेदी-विक्री मात्र २१ ऑगस्टला सुरू झाली, त्यामुळे महिनाभर खात्यातील रक्कम कमी दिसून अनेकांना धास्ती वाटली.

नियमानुसार झालेल्या विभाजनात नवा समभाग मिळताना कर लागत नाही. तो विकल्यावर लागतो. त्या वेळी आपली मूळ खरेदी किंमत दोन्ही समभागांत वाटली जाते, आणि ही वाटणी बाजारभावाप्रमाणे होत नाही, तर वेगळ्या काढलेल्या मालमत्तेच्या पुस्तकी मूल्याप्रमाणे होते. वरच्या उदाहरणात हे प्रमाण ९५.३२ आणि ४.६८ टक्के असे होते; म्हणजे १,००० रुपयांना घेतलेल्या रिलायन्सच्या समभागाची किंमत ९५३.२० रुपये आणि जिओ फायनान्शियलची ४६.८० रुपये धरायची, जरी बाजाराने नव्या समभागाला नऊ टक्क्यांहून अधिक मोल दिले असले तरी. हे प्रमाण कंपनी भागधारकांना कळवते. समभाग किती काळ जवळ होता हे मोजताना मूळ खरेदीची तारीखच धरली जाते, त्यामुळे दलालाकडून मिळालेली जुनी खरेदीची चिठ्ठी आणि कंपनीचे ते पत्र एकाच पाकिटात ठेवावे.